स्पॅनिश भाषकांना इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ कसा शिकवावा: मराठी शिक्षकांसाठी पायरीवार मार्गदर्शन

माझ्या ऑनलाइन शिकवणीत माद्रिदची एक परिचारिका आणि ब्वेनोस आइरेसचा एक हिशेबनीस एकाच आठवड्यात दाखल झाले. पहिल्याच तासाला परिचारिका म्हणाली, ‘धिस मॉर्निंग आय हॅव हॅड ब्रेकफास्ट ॲट एट.’ दोन दिवसांनी हिशेबनीस म्हणाला, ‘आय नेव्हर वेंट टू ब्राझील.’ आयुष्यात आजवर ब्राझीलला जाण्याचा योग आलेला नाही, असे त्याला सांगायचे होते. एकीने पूर्ण वर्तमानकाळ नको तिथे वापरला आणि दुसऱ्याने हवा तिथे टाळला, आणि दोघांचीही मातृभाषा स्पॅनिशच. मी त्या वेळी दोघांना एकच तक्ता, तीच उदाहरणे आणि तोच गृहपाठ दिला. महिन्याभराने दोघांच्याही चुका जिथल्या तिथे होत्या, फक्त दोघांना तक्ता पाठ झाला होता.

या विषयातली खरी अडचण अशी की स्पॅनिशमध्ये हा काळ दिसायला हुबेहूब इंग्रजीसारखा आहे. सहायक क्रियापद आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचे धातुसाधित, अशी दोन्हीकडे एकच जोडणी असते. ‘आय हॅव ईटन’ म्हणजे ‘ए कोमीदो’, इतके सोपे. रूप जुळते म्हणून विद्यार्थी निर्धास्त होतो आणि तो काळ कुठून कुठपर्यंत चालतो हा प्रश्न त्याच्या मनात येतच नाही. म्हणून या लेखात रूपापेक्षा हद्दीवर जास्त भर आहे. प्रौढ विद्यार्थ्यांना एकास एक शिकवणारे मराठी शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. आपल्याला स्पॅनिश बोलता यायलाच हवे असे नाही, पण पुढे येणारी पंधरा-वीस वाक्ये कानावरून गेलेली असली तर फार उपयोग होतो. स्पॅनिश शब्दांचे उच्चार मी साधारणपणे लॅटिन अमेरिकेतल्या पद्धतीने लिहिले आहेत. इथले ‘आसे’ माद्रिदमध्ये ‘आथे’ असे ऐकू येईल, आणि ब्वेनोस आइरेसचा माणूस ‘या’ या शब्दाला ‘शा’ म्हणेल, तेव्हा दचकू नये.

पहिली पायरी: विद्यार्थी कुठला आहे, हे आधी विचारावे

स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा आहे, आणि नेमक्या याच काळाच्या बाबतीत या देशांची वहिवाट एकमेकींहून वेगळी आहे. माद्रिदमध्ये आणि स्पेनच्या बऱ्याच भागात आज घडलेली गोष्ट संयुक्त काळातच, म्हणजे ‘ए कोमीदो’सारख्या सहायक क्रियापदाच्या जोडणीतच सांगतात. सकाळी आठला न्याहारी झाली आणि आता रात्रीचे दहा वाजले आहेत, तरी ‘एस्ता मान्याना ए देसायुनादो आ लास ओचो’ हेच स्वाभाविक वाक्य. आजचा दिवस संपलेला नाही म्हणून आजची प्रत्येक घटना ‘चालू’ खात्यात जमा होते, आणि काल घडलेली साध्या भूतकाळात जाते. परिचारिकेची चूक नेमकी इथून आली होती. स्पेनमध्येच गॅलिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटे इथे मात्र साध्या भूतकाळाचे पारडे जड आहे, तेव्हा ‘स्पेनचा’ एवढ्या उत्तरावरही थांबू नये.

ब्वेनोस आइरेसमध्ये संयुक्त काळ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. ‘आत्ताच आलो’, ‘कधीच गेलो नाही’, ‘आज खूप काम केले’ ही सगळी वाक्ये तिथे साध्या भूतकाळात बोलली जातात. त्या माणसाला इंग्रजीतला ‘हॅव’ पुस्तकी आणि अवजड वाटतो, आणि तो टाळण्याकडेच त्याचा कल असतो. मेक्सिकोची तऱ्हा तिसरीच. तिथे संपलेल्या गोष्टीला साधा भूतकाळ लावतात, पण पूर्वी सुरू होऊन अजून चाललेल्या किंवा अलीकडे वारंवार घडणाऱ्या गोष्टीला संयुक्त काळ लावतात. म्हणजे हा विद्यार्थी इंग्रजीच्या अर्ध्या वाटेवर आधीच येऊन थांबलेला असतो. बोलिव्हिया आणि पेरूच्या डोंगराळ भागात तर ‘आयेर’ म्हणजे ‘काल’ या शब्दासोबतही संयुक्त काळ ऐकू येतो. तिथला विद्यार्थी ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ म्हणाला तर आपल्याला ते ओळखीचे वाटेल, कारण ‘मी काल बँकेत पैसे भरले आहेत’ हे वाक्य आपण रोज बोलतो आणि त्याचे इंग्रजी करताना आपल्यापैकी कित्येकांचा पाय तिथेच घसरतो.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की पहिल्या तासाला पाच मिनिटे गप्पा माराव्यात आणि कागदावर दोन रकाने आखावेत. विद्यार्थ्याने ‘हॅव’ जास्तीचा घातला की एका रकान्यात खूण करावी, गाळला की दुसऱ्या. दहा खुणा झाल्या की अभ्यासक्रम कुठून सुरू करायचा ते कळते. जास्तीचा घालणाऱ्याला तिसऱ्या पायरीवर, आणि गाळणाऱ्याला चौथ्या व पाचव्या पायरीवर अधिक वेळ द्यावा.

दुसरी पायरी: रूपातले चार खड्डे लवकर बुजवावेत

रूपावर दोन तासांपेक्षा जास्त वेळ घालवू नये, कारण ते विद्यार्थ्याला बहुतांशी येत असते. पण चार ठिकाणी मातृभाषा आडवी येते.

पहिले ठिकाण डोळ्यांचे आहे. रोमन लिपीत एच-ए-एस ही अक्षरे इंग्रजीत ‘हॅज’ होतात आणि तृतीयपुरुषी एकवचनाला लागतात. स्पॅनिशमध्ये हीच तीन अक्षरे ‘आस’ अशी वाचली जातात आणि ती ‘तू’ला लागतात. एच-ई ही दोन अक्षरे इंग्रजीत ‘तो’ दाखवतात, तर स्पॅनिशमध्ये त्यांचा उच्चार ‘ए’ होतो आणि ती ‘मी’ या कर्त्याचे सहायक क्रियापद असतात. त्यामुळे वाचताना ‘यू हॅज’ तोंडातून निसटणे हा निष्काळजीपणा नाही, तो लहानपणापासूनच्या वाचनाचा परिणाम आहे. ही गोष्ट एकदा उघड करून सांगितली की विद्यार्थी स्वतःच हसतो, आणि चूक झपाट्याने कमी होते.

दुसरे ठिकाण ‘हॅव’च्या दुहेरी नोकरीचे. जवळ असणे यासाठी स्पॅनिशमध्ये ‘तेनेर’ आहे आणि काळ घडवण्यासाठी ‘आबेर’. दोघांच्या वाटा कधी एक होत नाहीत. इंग्रजीत दोन्ही कामे ‘हॅव’ करते, म्हणून ‘आय हॅव हॅड अ कोल्ड’ या वाक्यात दोन ‘हॅव’ एकापाठोपाठ आले की विद्यार्थी एक गाळून टाकतो. अशा वाक्याखाली त्याला ‘ए तेनीदो’ लिहायला सांगावे, म्हणजे पहिला ‘हॅव’ ‘आबेर’चा आणि दुसरा ‘तेनेर’चा हे त्याला दिसते.

तिसरे ठिकाण शब्दक्रमाचे. स्पॅनिशमध्ये सहायक क्रियापद आणि धातुसाधित यांच्यामध्ये सहसा काहीच येत नाही, ती जोडी अभंग असते. इंग्रजीत ‘नेव्हर’, ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’, ‘ऑलवेज’ आणि प्रश्न विचारताना कर्ताही नेमका त्या फटीतच शिरतो. म्हणून विद्यार्थी सरळ ‘नेव्हर आय हॅव सीन’ असे सुरू करतो, किंवा ‘यू हॅव सीन धिस?’ असा निव्वळ स्वर चढवून प्रश्न विचारतो. यावर तोंडी कवायत हाच उपाय आहे. शिक्षकाने ‘आय हॅव सीन इट’ म्हणावे, मग नुसता ‘नेव्हर’ म्हणावे आणि विद्यार्थ्याने तो शब्द आत घालून वाक्य परत करावे. ‘येस, आय हॅव’ हे त्रोटक उत्तरही वेगळे शिकवावे लागते, कारण स्पॅनिशमध्ये ‘सी, ए’ म्हणून थांबताच येत नाही.

चौथे ठिकाण तिसऱ्या रूपाचे. अनियमित धातुसाधिते स्पॅनिशमध्ये मोजकी आहेत आणि इंग्रजीत शंभराच्या वर, पण एक योगायोग कामी येतो. ‘एचो’, ‘दिचो’, ‘बिस्तो’, ‘एस्क्रीतो’, ‘पुएस्तो’ आणि ‘रोतो’ या स्पॅनिश अनियमित रूपांचे इंग्रजी जोडीदार ‘डन’, ‘सेड’, ‘सीन’, ‘रिटन’, ‘पुट’ आणि ‘ब्रोकन’ हेही अनियमितच आहेत. या सहांपासून सुरुवात केली की विद्यार्थ्याला ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटते. मरणे आणि उघडणे ही मात्र स्पॅनिशमध्ये अनियमित आणि इंग्रजीत नियमित आहेत. लिंगवचनाची काळजी आपल्याला वाटते तेवढी त्यांना वाटत नाही. आपण ‘आंबा खाल्ला आहे’, ‘पोळी खाल्ली आहे’, ‘आंबे खाल्ले आहेत’ असे रूप फिरवतो, पण ‘आबेर’सोबत ‘कोमीदो’ सदैव ‘कोमीदो’च राहते.

तिसरी पायरी: बंद दार आणि उघडे दार

आता मुख्य मुद्दा. या काळाचे नाव स्पेनमधल्या शाळांतून ‘प्रेतेरितो पेर्फेक्तो’ असे शिकवतात. त्यात ‘प्रेतेरितो’ म्हणजे भूतकाळ हा शब्द असल्यामुळे विद्यार्थी तो भूतकाळाचा एक प्रकार समजतो. काराकासमध्ये जन्मलेले व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी १८४७ साली चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात याच काळाला ‘आंतेप्रेसेंते’ म्हटले, म्हणजे वर्तमानाच्या आधीचा, वर्तमानाला टेकलेला. मेक्सिकोच्या शाळांत हे नाव आजही चालते. इंग्रजीचा काळ समजावताना हे नाव फार उपयोगी पडते, आणि माझा अनुभव असा की विद्यार्थ्याला ते आठवले तर निम्मे स्पष्टीकरण वाचते.

फळ्यावर आडवी रेघ काढावी आणि उजव्या टोकाला ‘आता’ लिहावे. एखाद्या घटनेचा काळ ‘आता’पर्यंत उघडा असेल तर ‘हॅव’ येईल. घटना एखाद्या बंद दारामागे असेल, म्हणजे ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’, ‘ॲट एट’, ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड’ असा कालनिर्देश झाला असेल, तर साधा भूतकाळ. स्पेनच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व नवे नसते, पण त्याचे दार मध्यरात्री बंद होते, आणि इंग्रजीचे दार त्याच्या कितीतरी आधी लागू शकते. सकाळी अकरा वाजता ‘आय हॅव हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग’ म्हणणे ठीक आहे, पण त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्याच तीन फोनविषयी ‘आय हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग’ असेच म्हणावे लागते, कारण सकाळ संपली. आणि घड्याळातली वेळ सांगितली की दिवस चालू असला तरी दार बंद झाले.

परिचारिकेसोबत मी हे असे केले. तिच्या त्या दिवसाच्या पाळीतल्या बारा नोंदी तिने स्पॅनिशमध्ये लिहिल्या: दोन रुग्णांना इंजेक्शन दिले, साडेनऊला डॉक्टर आले, अजून जेवण झाले नाही, अशा. बाराही वाक्यांत अर्थातच ‘ए’ किंवा ‘आ’ होते. मग तिने प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहिला, ‘केव्हा?’ याचे उत्तर वाक्यातच दिले आहे का? दिले असेल तिथे ‘हॅव’वर काट. सात वाक्यांवर काट पडली आणि ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली की इंग्रज लोकांना वेळ विचारली की ते वर्तमानातून उठून जातात. व्याख्या म्हणून हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नसेल, पण मी ते तेव्हापासून वापरतो.

याच पायरीवर दोन सूचना जोडाव्यात. ‘व्हेन’ने सुरू होणारा प्रश्न स्वतःच दार लावून घेतो, म्हणून ‘व्हेन हॅव यू अराइव्ह्ड?’ हे चुकीचे आणि ‘व्हेन डिड यू अराइव्ह?’ हे बरोबर. आणि ‘अगो’ हा शब्द नेहमी बंद दारामागचा आहे. स्पॅनिशमधले ‘आसे दोस आन्योस’ म्हणजे ‘टू इयर्स अगो’, पण हाच ‘आसे’ पुढच्या पायरीवर अगदी वेगळ्या वेशात येतो, म्हणून या दोन गोष्टी एकाच तासाला शिकवू नयेत.

चौथी पायरी: ‘पासून’चा सापळा, आपला आणि त्यांचा

इथे मराठी शिक्षकाला इंग्रज शिक्षकापेक्षा जास्त कळते, असे मी बेधडक म्हणेन. पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेली गोष्ट स्पॅनिश वर्तमानकाळात सांगतो. ‘बीबो आकी देस्दे आसे दिएस आन्योस’ याचे शब्दशः मराठी ‘मी इथे दहा वर्षांपासून राहतो’ असेच होते, आणि ते निर्दोष मराठी आहे. दोन्ही भाषांना वाटते की मी अजूनही राहतोच आहे, मग भूतकाळाचे काय काम? त्यामुळे दोन्हींकडचा विद्यार्थी ‘आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स’ या एकाच खड्ड्यात पडतो. फक्त आपण त्याला ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ असे सजवतो.

या वाक्यात दोन चुका आहेत आणि त्या वेगवेगळ्या सुधाराव्यात. एक काळाची, दुसरी अव्ययाची. विद्यार्थ्याने दोन्ही एकदम दुरुस्त कराव्यात अशी अपेक्षा ठेवली तर तो ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स टेन इयर्स’ इथे अडकून राहतो, आणि आपण कंटाळून ते सोडून देतो.

अव्ययापासून सुरुवात करावी. मराठीत ‘२०१५पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्हींना एकच ‘पासून’ पुरतो, म्हणून आपल्याला ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतला फरक रट्टा मारून शिकावा लागला. स्पॅनिश विद्यार्थ्याचे नशीब थोडे चांगले आहे. त्याच्याकडे ‘देस्दे’ आणि ‘देस्दे आसे’ अशी दोन वेगळी रूपे आधीच आहेत. ‘देस्दे २०१५’ म्हणजे सुरुवातीचा बिंदू, तिथे ‘सिन्स’. ‘देस्दे आसे दिएस आन्योस’ म्हणजे मुदत, तिथे ‘फॉर’. घोटाळा एवढाच होतो की ‘देस्दे’ कानावर पडताच तो ‘सिन्स’ उच्चारतो आणि मागून येणाऱ्या ‘आसे’ची वाट बघत नाही. त्याला सांगावे की ‘आसे’ ऐकू येईपर्यंत तोंड उघडायचे नाही. ‘सिन्स टू इयर्स अगो’ असा संकर मात्र हमखास तयार होतो, कारण ‘देस्दे’चा ‘सिन्स’ आणि ‘आसे’चा ‘अगो’ असे त्याने प्रामाणिकपणे भाषांतर केलेले असते.

मग काळ. हीच गोष्ट सांगायला स्पॅनिशमध्ये आणखी दोन घडणी आहेत. एक, ‘आसे दिएस आन्योस के बीबो आकी’. दुसरी, बोलण्यात अतिशय आवडती, ‘येबो दिएस आन्योस बिबिएंदो आकी’, ज्यात ‘येबार’ म्हणजे वाहून नेणे हे क्रियापद आहे, जणू माणूस दहा वर्षे पाठीवर घेऊन चालला आहे. ही ‘येबो’ची घडण मला या पायरीची किल्ली वाटते. ‘येबो’ आणि त्यापुढचे ‘-एंदो’ किंवा ‘-आंदो’ हे रूप सरळ ‘आय हॅव बीन’ आणि ‘-इंग’ यांवर बसते. ‘येबो दोस ओरास एस्पेरांदो’ म्हणजे ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स’. विद्यार्थ्याला नियम द्यावा: तुझ्या वाक्यात ‘येबो’ बसत असेल तर इंग्रजीत ‘हॅव बीन’. मग पंधरा वाक्ये फक्त या साच्यातून काढून घ्यावीत, त्याच्या स्वतःच्या आयुष्यातली, किती दिवसांपासून कुठे काम करतो, किती महिन्यांपासून गुडघा दुखतो, किती वर्षांपासून सिगारेट सोडण्याचा प्रयत्न चालू आहे, अशी.

नंतर अपवाद. ‘नो’, ‘बी’, ‘हॅव’, ‘लाइक’ यांसारख्या स्थितिदर्शक क्रियापदांना ‘-इंग’ लागत नाही. ‘नोस कोनोसेमोस देस्दे आसे आन्योस’ म्हणजे ‘वी हॅव नोन ईच अदर फॉर इयर्स’. इथे ‘वी नो ईच अदर सिन्स मेनी इयर्स’ ही चूक अनेक वर्षे टिकते, कारण अर्थ समजतो आणि कोणी हटकत नाही. जोडीला हेही सांगावे की ‘कोनोसी आ आना एन २०१५’ या साध्या भूतकाळातल्या वाक्यात ‘कोनोसेर’चा अर्थ बदलतो. तिथे ओळख असणे नव्हे, तर ओळख होणे अभिप्रेत आहे, म्हणून इंग्रजीत ‘न्यू’ नाही, ‘मेट’.

प्रश्न विचारण्याची पद्धतही इथेच शिकवावी. ‘क्वांतो तिएंपो येबास आकी?’ याचे शब्दशः भाषांतर करून विद्यार्थी ‘हाऊ मच टाइम डू यू हॅव हिअर?’ असे विचारतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपल्याला घाई करायला सांगत आहेत. ‘हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?’ हे एक अखंड वाक्य म्हणून पाठ करून घ्यावे, पदच्छेद न करता.

पाचवी पायरी: ‘या’, ‘तोदाबीआ’ आणि ‘आकाबो दे’

स्पॅनिशचा ‘या’ हा छोटासा शब्द ‘ऑलरेडी’, ‘येट’, ‘नाऊ’ आणि नकारासोबत ‘एनी मोर’ एवढी कामे करतो. ‘तोदाबीआ’ ‘स्टिल’ आणि ‘येट’ अशी दोन. आपला ‘अजून’ नेमका ‘तोदाबीआ’सारखा आहे: ‘तो अजून आला नाही’ आणि ‘तो अजून झोपला आहे’ या दोन वाक्यांत इंग्रजी दोन वेगळे शब्द वापरेल. साधा नियम पुरतो. होकारात ‘ऑलरेडी’, तोही फटीत. नकारात आणि प्रश्नात ‘येट’, तोही वाक्याच्या शेवटी. ‘आय हॅवन्ट फिनिश्ड येट’, ‘हॅव यू फिनिश्ड येट?’, ‘आय हॅव ऑलरेडी फिनिश्ड’.

मेक्सिकोच्या विद्यार्थ्याकडे इथे लक्ष ठेवावे. तो ‘अजून आला नाही’ हे ‘तोदाबीआ नो येगा’ असे वर्तमानकाळात म्हणतो, तर माद्रिदचा माणूस ‘तोदाबीआ नो आ येगादो’ असे संयुक्त काळात. म्हणून पहिल्याकडून ‘ही डझन्ट अराइव्ह येट’ असे वाक्य येते आणि दुसऱ्याकडून येत नाही. ‘आकाबो दे कोमेर’ म्हणजे आत्ताच जेवलो, त्याचे ‘आय फिनिश टू ईट’ होऊ द्यायचे नाही. ‘आकाबार दे’ दिसले की ‘हॅव जस्ट’, हे समीकरण एकदा बसले की पुन्हा उकलावे लागत नाही.

सहावी पायरी: गेलो आहे, जाऊन आलो आहे

‘तू कधी दिल्लीला गेला आहेस का?’ या मराठी प्रश्नात जाऊन परत येणे गृहीत आहे. स्पॅनिशमध्येही ‘आस ईदो आल्गुना बेस आ पारीस?’ हे चालते. इंग्रजीत ‘शी हॅज गॉन टू पॅरिस’ म्हणजे ती आत्ता इथे नाही, आणि ‘शी हॅज बीन टू पॅरिस’ म्हणजे जाऊन आली. त्यामुळे समोर बसून ‘आय हॅव गॉन टू पॅरिस’ म्हणणारा माणूस स्वतःच्या अनुपस्थितीची बातमी स्वतःच देत असतो. विद्यार्थ्याला हा विनोद कळला की नियम लक्षात राहतो.

‘पहिल्यांदाच’ची गोष्टही अशीच आहे. ‘एस ला प्रिमेरा बेस के कोमो एस्तो’ या वाक्यात वर्तमानकाळ आहे, आणि आपणही ‘मी हे पहिल्यांदाच खातोय’ असेच म्हणतो. इंग्रजी मात्र हा घास आजवरच्या सगळ्या घासांच्या हिशेबात मोजते आणि ‘धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव ईटन धिस’ म्हणते.

सातवी पायरी: जे ऐकू येत नाही ते बोलले जात नाही

स्पॅनिशमध्ये एच मुका असतो, व्ही आणि बी यांचा उच्चार एकच असतो आणि शब्दाच्या शेवटी एकापेक्षा जास्त व्यंजने क्वचितच येतात. ‘आयव्ह लिव्ह्ड’ या दोन शब्दांत यांतल्या शेवटच्या दोन अडचणी दाटीवाटीने बसल्या आहेत. विद्यार्थ्याला ‘आय लिव्ह’ एवढेच ऐकू येते, आणि व्याकरण येत असूनही तो तेवढेच बोलतो. आपण ती चूक व्याकरणाची समजून पुन्हा तक्ता काढतो. आधी श्रुतलेखन घ्यावे. ‘आय लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ आणि ‘आयव्ह लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ ही वाक्ये उलटसुलट क्रमाने म्हणावीत आणि प्रत्येक वेळी एकच विचारावे, तो माणूस अजून इथे राहतो का? पहिल्यातला गेला, दुसऱ्यातला आहे. ‘बीबी’ (म्हणजे ‘राहिलो’) आणि ‘येबो बिबिएंदो’ एवढा अर्थाचा फरक एका ओठावर टेकलेल्या दातावर अवलंबून आहे हे कळले की विद्यार्थी आरशात बघून ‘व्ह’चा सराव करतो. ‘वर्केद’ असा जादा स्वर घालून केलेला उच्चार सुधारताना मात्र आपण आपले ‘वर्क्ड’ही एकदा तपासून घ्यावे. तिथे शेवटी ‘ट’ असतो.

आठवी पायरी: संभाषणात काळ बदलणे

शेवटचा सराव मी नेहमी एकाच साच्यात घेतो, कारण खऱ्या बोलण्यात हा काळ एकटा येत नाही. पहिला प्रश्न दार उघडतो आणि दुसऱ्या वाक्याला ते बंद होते. ‘हॅव यू एव्हर लॉस्ट युअर पासपोर्ट?’, ‘येस, आय हॅव’, ‘व्हेअर डिड यू लूज इट?’, ‘आय लेफ्ट इट इन अ टॅक्सी इन लीमा’. पहिल्या दोन वाक्यांत आयुष्यभराचा हिशेब आहे, पुढच्या दोनांत एक विशिष्ट दिवस. माद्रिदचा विद्यार्थी ‘हॅव’ सोडायला तयार नसतो आणि टॅक्सीपर्यंत तो घेऊन जातो. ब्वेनोस आइरेसचा पहिल्याच प्रश्नाला ‘डिड’ने सुरू करतो. म्हणून पहिल्याला उत्तरे देण्याचे आणि दुसऱ्याला प्रश्न विचारण्याचे काम द्यावे, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या कमजोर जागी जास्त फेऱ्या मिळतात. दर तासाला दहा मिनिटे, पाच नवे प्रश्न, आणि चूक झाली तरी वाक्य मधे न तोडता शेवटी फक्त ‘केव्हा?’ एवढेच विचारणे, असा माझा प्रघात आहे.

एक गोष्ट सुधारू नये. अमेरिकेत राहणारा किंवा अमेरिकी मालिका बघणारा विद्यार्थी ‘डिड यू ईट येट?’ किंवा ‘आय ऑलरेडी ॲट’ म्हणाला, तर ती चूक नाही, तिथल्या बोलण्यात ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’ आणि ‘येट’सोबत साधा भूतकाळ सर्रास चालतो. मेक्सिकोच्या माणसाला तर हे घरच्या ‘या कोमीस्ते?’सारखेच वाटते. तो ब्रिटिश परीक्षेला बसणार असेल तेव्हाच त्याला ‘हॅव यू ईटन येट?’ लिहायला लावावे, आणि हा बदल फक्त परीक्षेच्या कागदापुरता आहे हे आधी सांगून ठेवावे.